खजूर-दालचिनीचा परफ्यूम मैत्रिणीच्या अंगावर दिवसभर, माझ्या अंगावर दोनच तास: असं का होतं?

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्याला राहणाऱ्या आणि रोज लोकलने ऑफिसला जाणाऱ्या एका ताईंना मैत्रिणीच्या अंगावरचा वास फार आवडला, म्हणून त्यांनी लताफा कंपनीचा ‘खमरा’ हा परफ्यूम अडीच हजारांच्या आसपास विकत घेतला. मैत्रिणीच्या अंगावर तो खजुराच्या हलव्यासारखा दरवळतो आणि संध्याकाळपर्यंत टिकतो. यांच्या अंगावर मात्र आधी दालचिनी नाकात जाते, मग जळक्या साखरेचा वास येतो आणि दोन तासांत सगळं संपतं. दुकानदार म्हणाला, तुमच्या त्वचेचा पीएच वेगळा आहे. एका व्हिडिओत सांगितलं, बाटली महिनाभर कपाटात ठेवून ‘मॅसरेट’ करा, म्हणजे मुरू द्या. भाऊ म्हणतो, माल डुप्लिकेट आहे. यातलं खरं काय, ऑफिसला हा परफ्यूम लावावा का, आणि नाहीच जमला तर बहिणीला देऊन टाकावा का, असं त्यांनी विचारलंय.

मी सुगंध तयार करणाऱ्या कंपनीत इव्हॅल्युएटर आहे. परफ्यूमर जे बनवतो ते कागदाच्या पट्टीवर, हातावर आणि कापडावर घेऊन तासातासाने हुंगायचं, काय जमलंय आणि काय फसलंय ते सांगायचं, हे माझं रोजचं काम. गोड पदार्थांच्या वासाच्या परफ्यूमना आम्ही ‘गूरमाँ’ म्हणतो आणि सध्या माझ्या टेबलावर त्यांचीच गर्दी असते. म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते: तुमचा परफ्यूम दोन तासांत बहुधा संपत नाहीये, तुमच्या नाकाला तो जाणवेनासा होतोय. जळक्या साखरेचा वास मात्र खरा असणार, आणि त्याचं मूळ बहुतेक कोरड्या त्वचेत आहे.

आधी बाटलीत काय आहे ते पाहू. लताफा ही संयुक्त अरब अमिरातीतली कंपनी, आणि ‘खमरा’ 2022 साली बाजारात आला. त्याआधी 2020 मध्ये किलियान या महागड्या ब्रँडचा ‘एंजल्स शेअर’ आला होता, कोन्याक (फ्रेंच ब्रँडी), दालचिनी, टोंका (एक सुगंधी बी) आणि प्रलीन (साखरेच्या पाकातला सुका मेवा) यांचा. खमरा त्याच वाटेवरचा आहे हे उघड आहे, फक्त कोन्याकच्या जागी इथे खजूर पुढे केलाय आणि किंमत कितीतरी पटींनी कमी आहे. कंपनीने जाहीर केलेल्या नोट्समध्ये, म्हणजे एकामागून एक जाणवणाऱ्या वासांच्या यादीत, सुरुवातीला दालचिनी, जायफळ आणि बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं फळ) आहे, मधे खजूर, प्रलीन आणि निशिगंध, आणि तळाशी व्हॅनिला, टोंका, बेंझॉइन (आपल्याकडे धुपासाठी लोबान म्हणून मिळते ती राळ), बाळंतिणीला देतात तो बोळ, आणि अंबरवूड, अकिगालावूड अशी लाकडी वासाची द्रव्यं.

यातला खजूर खजुरातून काढलेला नसतो. बहुतेक गोड फळांचा अर्क काढून परफ्यूममध्ये घालता येत नाही, त्यांचा वास जुळवावा लागतो. सुक्या फळांचा दाट, किंचित आंबूस वास देणारी डॅमॅस्कोनसारखी द्रव्यं, कॅरमेलच्या वासाची द्रव्यं आणि थोडा मसाला एकत्र आला की नाक म्हणतं, खजूर. तुमच्या मैत्रिणीला जो हलवा जाणवतो तो असा तयार होतो. या जुळणीतला एखादा धागा लवकर उडून गेला की खजूर मोडतो आणि बाकीचे धागे सुटे सुटे जाणवू लागतात. तुमच्या अंगावर नेमकं हेच होत असावं.

धागे उडतात कसे? लताफा आपलं सूत्र सांगत नाही, कुठलीच कंपनी सांगत नाही. पण या जातीच्या वासांमध्ये गोडवा कुठून येतो ते या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. व्हॅनिलाचा वास म्हणजे वॅनिलिन किंवा त्याच्या तिप्पट तीव्र असलेलं एथिल वॅनिलिन. टोंकाचा, म्हणजे वाळलेलं गवत आणि बदाम यांच्या मधला वास कुमारिनचा. जत्रेत मिळणाऱ्या म्हातारीच्या केसांचा वास एथिल माल्टोलचा. हे सगळे पदार्थ साध्या तापमानाला घन असतात. आमच्याकडे ते बरण्यांत पांढऱ्या स्फटिकांच्या स्वरूपात येतात, वजन करून घालावे लागतात. वॅनिलिन वितळायलाच 81 ते 83 अंश सेल्सिअस लागतात आणि ते उकळतं 285 अंशांना. उलट बर्गमॉटमधलं लिमोनीन 176 अंशांना उकळतं. त्वचेचं तापमान बत्तीस-तेहतीस अंश धरलं तर लिमोनीन काही मिनिटांत निघून जातं, दालचिनी मधे कुठेतरी राहते, आणि वॅनिलिन, कुमारिन तासन् तास तिथेच बसून असतात. म्हणून गोड परफ्यूम दोन तासांत संपला असं कुणी म्हटलं की मला आधी शंका येते ती नाकाची.

नाक एकाच वासात राहिलं की त्याची दखल घेणं सोडून देतं. स्वतःच्या घराचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्याला दारातच येतो. गोड, दाट वासांच्या बाबतीत हे फार लवकर घडतं, कारण ते दिवसभर एकसारखे, चढउतार न होता नाकाशी येत राहतात. त्यात तुम्ही मानेवर आणि छातीवर, म्हणजे अगदी नाकाखाली स्प्रे करत असाल तर अर्ध्या-पाऊण तासात नाक बधिर व्हायला लागतं. शिवाय तळाशी कस्तुरीसारखे वास देणारे मोठ्या रेणूंचे पदार्थ असतात आणि त्यातला एखाददुसरा काही माणसांना जन्मापासून अजिबात जाणवत नाही. हा आजार नाही, नाकाची घडण आहे. आमच्या टीममध्येही अशी माणसं आहेत, म्हणून कोणताही निर्णय आम्ही एका नाकावर घेत नाही. दुकानात मधेमधे कॉफीच्या बिया हुंगायला देतात त्याचाही उपयोग नाही. तपासून पाहिलं तेव्हा त्या साध्या हवेपेक्षा सरस ठरल्या नाहीत. बाहेर जाऊन दहा मिनिटं मोकळ्या हवेत थांबणं चांगलं.

आता त्वचेकडे येते. मला वाटतं, पीएचचं कारण दुकानदारांना फार सोयीचं आहे. निरोगी माणसाच्या त्वचेचा पृष्ठभाग थोडासा आम्लधर्मी असतो आणि दोन माणसांमधला पीएचचा फरक बहुतेक वेळा इतका कमी असतो की त्याने काही तासांत वॅनिलिन किंवा कुमारिन यांचं रूप पालटत नाही. फरक पडतो तो तीन गोष्टींनी: त्वचेवर तेल किती, ओलावा किती आणि त्वचा गरम किती. तेलकट त्वचेत सुगंधी द्रव्यं विरघळून राहतात आणि हळूहळू सुटतात. बर्गमॉट आणि मसाल्याच्या हलक्या द्रव्यांनाही थोडा वेळ धरून ठेवलं जातं, त्यामुळे वरचे, मधले आणि तळाचे वास एकमेकांत मिसळत जातात. कोरड्या त्वचेवर हलकं ते भराभर उडतं आणि मागे कॅरमेल आणि लाकूड उघडं पडतं. खमरात ते लाकूड बरंच आहे. अकिगालावूड हे पचौली या सुगंधी पानांच्या झुडपाच्या तेलावर विकरांची (एन्झाइमांची) प्रक्रिया करून मिळवलेलं द्रव्य, मिरीसारखं तिखट आणि कोरडं. अंबरवूडच्या जातीची द्रव्यं तर काही नाकांना थेट खरखरीत, स्पिरिटसारखी लागतात. खजुराचा गर गेला, मसाल्याचा ताजेपणा गेला, आणि साखर व कोरडं लाकूड एवढंच उरलं, तर ते जळक्या साखरेसारखंच लागणार. तुम्ही वर्णन अगदी नेमकं केलंय.

इथे परफ्यूमरची बाजूही सांगायला हवी. हे कोरडं लाकूड घातलंय ते मुद्दाम. 1992 मध्ये मुग्लेरचा ‘एंजल’ आला, ओलिव्हिए क्रेस्प या परफ्यूमरचं काम. त्यात एथिल माल्टोलचा साखरेचा वास भरभरून होता, पण त्याच्यासमोर पचौलीचा मातकट, कडवट वास तितक्याच जोराने उभा केला होता. आजच्या सगळ्या गूरमाँ परफ्यूमची सुरुवात तिथून धरतात. गोडाला विरोध करणारं काही नसेल तर ते दहा मिनिटांत नकोसं होतं. पुरणात जायफळ घालतो ते याचसाठी. खमरात पचौलीची जागा अकिगालावूडने आणि बोळाने घेतली आहे. तेलकट त्वचेवर हा कडवटपणा मागे राहून आधार देतो आणि तुमच्यासारख्या त्वचेवर पुढे येतो.

‘स्वस्त आहे म्हणून असं होतं का’ हेही तुमच्या प्रश्नात दडलंय, म्हणून ते मोकळेपणाने सांगते. सुगंधाच्या दुनियेत स्वस्तात मस्त मिळण्याची सगळ्यात जास्त शक्यता गोड वासांतच असते. खरा व्हॅनिला महाग आहे. ते एका ऑर्किडच्या वेलीचं फळ, मादागास्करमध्ये सगळ्यात जास्त पिकतं, फुलाचं परागीकरण हाताने करावं लागतं. ती हातोटी 1841 मध्ये रेयुनियाँ बेटावर एदमोँ अल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली आणि आजही तीच वापरतात. एवढं करून वाळवलेल्या शेंगेत वॅनिलिन निघतं सुमारे दोन टक्के. 2018 च्या सुमारास या शेंगांचा भाव किलोला 600 डॉलरच्या घरात गेला होता. पण प्रयोगशाळेतलं वॅनिलिन 1874 पासून आहे, टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ते तयार केलं, आणि आज ते परफ्यूमरच्या कपाटातल्या स्वस्त द्रव्यांपैकी एक आहे. एथिल माल्टोल आणि कुमारिनही तसेच. त्यामुळे अडीच हजारांच्या बाटलीतला व्हॅनिला आणि तिच्या दसपट किमतीच्या बाटलीतला व्हॅनिला यांच्या गोडव्यात आभाळ-पाताळाचा फरक नसतो. फरक असतो तो जोडकामात. महाग परफ्यूममध्ये दालचिनीवरून प्रलीनवर आणि प्रलीनवरून लाकडावर जाताना सांधा दिसत नाही. खमरात तो दिसतो, विशेषतः पहिल्या अर्ध्या तासात. पण चौथ्या-पाचव्या तासाला मला त्यात खोट काढावीशी वाटत नाही. हेच पैसे कुणी स्वस्त गुलाबावर किंवा आयरिसवर घालत असेल तर मी थांबवेन, तिथे खऱ्या कच्च्या मालाची उणीव झाकता येत नाही.

हिशेबही बघा. एका स्प्रेमध्ये साधारण 0.1 मिली निघतं असं धरलं तर 100 मिलीच्या बाटलीत हजारेक स्प्रे झाले. म्हणजे एक स्प्रे अडीच रुपयांना. त्यामुळे कंजूषी करण्याचं कारण नाही, पण सढळ हात सोडण्याचंही नाही. ते पुढे येतंच.

आता परीक्षा करा. सुट्टीच्या दिवशी, आंघोळीनंतर तासाभराने, अंगाला दुसरं काहीही सुवासिक न लावता. डाव्या हाताच्या कोपराच्या आतल्या बाजूला बिनवासाच्या पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवा, दिसणार नाही इतका. उजवा हात कोरडाच ठेवा. दोन्हीकडे सहा इंचांवरून एकेक स्प्रे करा. एक स्प्रे धुतलेल्या सुती रुमालावर करा आणि तो रुमाल दुसऱ्या खोलीत ठेवा. मनगटं एकमेकांवर घासायची सवय असेल तर सोडा. रेणू मोडतात वगैरे म्हणतात ते खरं नाही, पण घासल्याने उष्णता वाढते, द्रव पसरतो आणि हलकी द्रव्यं आणखी लवकर निघून जातात, म्हणजे तुमच्या बाबतीत नेमकं नको तेच होतं.

लगेच हुंगू नका. स्प्रे केल्यावर पहिली काही मिनिटं अल्कोहोलची असतात, त्यावरून काहीच ठरवता येत नाही. पंधरा मिनिटांनी, एका तासाने, चार तासांनी आणि रात्री झोपताना, एवढ्याच वेळा नाक लावा. मधल्या वेळात हात नाकापाशी नेऊ नका. आणि प्रत्येक वेळी घरातल्या दुसऱ्या कुणालातरी, शक्यतो बाहेरून नुकतंच आलेल्या माणसाला, दोन्ही हात हुंगायला सांगा. त्यांना परफ्यूमचं नाव सांगू नका, फक्त वास येतोय का आणि कशाचा येतोय एवढं विचारा.

माझा अंदाज असा. पंधरा मिनिटांनी दोन्ही हातांवर दालचिनी असेल, उजवीकडे जास्त टोकदार. तासाभराने डावीकडे खजूर आणि प्रलीन गोलसर, ओलसर जाणवेल, निशिगंधाची एक अस्पष्ट झुळूकही कदाचित मिळेल. उजवीकडे तोवर जळकट साखर सुरू झालेली असेल. चार तासांनी तुम्हाला उजव्या हातावर काहीच येणार नाही आणि दुसऱ्या माणसाला व्हॅनिला येईल. रात्री रुमाल हुंगलात तर खमरा दोन तासांत संपणारा परफ्यूम नाही याची खात्री पटेल. कापडावर अंगाची उष्णता नसते, त्यामुळे वास सावकाश सुटतो. कापडावर दुसऱ्या दिवशीही व्हॅनिला आणि लाकूड शिल्लक असतं.

डावा हात जिंकला तर उपाय तुमच्या हातात आला. आंघोळीनंतर त्वचा किंचित ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर लावायचं, पाच मिनिटांनी परफ्यूम. ‘बिनवासाचं’ या शब्दावर माझा जोर आहे. गुलाबाच्या वासाचं बॉडी लोशन, चाफ्याची पावडर आणि डोक्याला जाईच्या वासाचं खोबरेल, एवढ्या गर्दीत खजूर ओळखू येणं शक्य नाही. दिवाळीत पहिल्या आंघोळीच्या दिवशी मुद्दाम लावून बघा. अभ्यंगाचं तेल थोडं मुरलेलं असतं, आणि उटण्यातला नागरमोथा हा स्वतःच परफ्यूमच्या कामाचा आहे, त्याचं तेल लाकडी-धुरकट वासांसाठी वापरतात. त्या दिवशी खमरा फार छान बसतो.

खाण्याचाही थोडा परिणाम होतो, पण तो सांगतात तसा सरसकट नाही. मेथीचं मात्र पक्कं माहीत आहे. मेथीतलं सोटोलोन नावाचं द्रव्य घामातून बाहेर पडतं, आणि अगदी कमी प्रमाणात त्याचा वास मेथीसारखा न येता पाकासारखा, कॅरमेलसारखा येतो. परफ्यूमरही कॅरमेलसाठी ते चिमूटभर वापरतात. थंडीत रोज मेथीचे लाडू चालू असतील तर अंगाच्या वासात आधीच एक गोडसर झाक असते. तुमची मैत्रीण मेथीचे लाडू खाते का, एकदा विचारा.

परफ्यूम लावायचा कुठे? मानेवर आणि गळ्याशी नको. पोटावर किंवा छातीच्या खालच्या भागावर, कपड्यांच्या आत एक स्प्रे, आणि कोपराच्या आत एक. नाकापासून लांब असल्याने नाक लवकर थकणार नाही, कपड्यांखालच्या उबेने वास हळूहळू वर येत राहील आणि दिवसभरात मधूनच तुम्हालाही जाणवेल. कपड्यांवर मारायचा मोह होतो, कारण तिथे तो टिकतो, पण वॅनिलिन हवेने आणि उजेडाने तपकिरी होतं. पांढऱ्या कुर्त्यावर, फिक्या ओढणीवर पिवळट डाग पडतात आणि ते सहजी जात नाहीत. गडद सुती कपड्याच्या आतल्या बाजूला चालेल. रेशमावर आणि जरीवर कधीही नको. पैठणीवर मारलेल्या एका स्प्रेचा डाग पुढे कायम दिसत राहतो.

आणि आता लोकल. इथे मी जरा आग्रहाने बोलणार आहे. दमट हवेत, गर्दीच्या डब्यात गोड वास फार पसरतो आणि फार अंगावर येतो. तुम्हाला तो जाणवत नसतो, म्हणून तुम्ही दोनाचे चार स्प्रे करता, आणि शेजारच्या बाईला मळमळायला लागतं. ज्यांना मायग्रेन किंवा दमा आहे त्यांच्यासाठी हा फक्त आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही. ऑफिसच्या दिवशी दोनच स्प्रे, तेही घरातून निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी, म्हणजे दालचिनीचा भडका घरातच ओसरतो. एप्रिल-मेमध्ये मुंबईत दिवसा मी हा परफ्यूम लावणारच नाही. त्या दिवसांत लावायचाच असेल तर आधी वाळ्याच्या अत्तराचं एक बोट कोपराच्या आत लावा आणि त्यावर खमराचा एकच स्प्रे. वाळ्याचा हिरवा, कोरडा थंडपणा साखर आवरतो. मोहम्मद अली रोडवर अत्तराच्या दुकानांत वाळा सहज मिळतो, थोडासाच घ्या. चंदनाचं अत्तरही चालतं, पण चांगलं चंदन आता फार महाग झालंय आणि स्वस्त चंदनाने वास भसाडा होतो. दुसरा गोड परफ्यूम मात्र त्यावर चढवू नका.

खमराचा खरा हंगाम डिसेंबर-जानेवारी, आणि जागा पुणे-नाशिकसारखी थंडी पडते ती. संध्याकाळची लग्नं, गच्चीवरचं जेवण. पण तिथे हवा कोरडी असते, म्हणून त्वचेला आधी मॉइश्चरायझर हवंच.

दालचिनीबद्दल एक सावधगिरी. दालचिनीचा वास देणारं सिनॅमल हे काही जणांच्या त्वचेला पुरळ आणू शकतं, म्हणूनच सुगंध उद्योगाच्या नियमांत त्याच्या वापरावर मर्यादा आहे. आधी कोपराच्या आत एका ठिकाणी लावून एक-दोन दिवस बघा. वॅक्सिंग केलेल्या दिवशी त्या जागी अजिबात नको, आणि लहान बाळाला कडेवर घ्यायचं असेल तर मान-खांदे मोकळे ठेवा.

मॅसरेशनचं थोडक्यात सांगते. कारखान्यात सुगंधी अर्क अल्कोहोलमध्ये मिसळून काही काळ मुरू देतात, मग थंड करून गाळतात आणि नंतर बाटलीत भरतात. ते काम तुमच्यापर्यंत येण्याआधी झालेलं असतं. बाटली उघडल्यावर वरच्या मोकळ्या जागेत हवा शिरते आणि काही आठवड्यांत वास थोडा गोलसर लागू शकतो, हे मी नाकारत नाही. पण त्याने कोरड्या त्वचेवर दोनाचे आठ तास होत नाहीत. कपाटात ठेवा, अंधारात आणि एकसारख्या तापमानाला, कारण ते तसंही ठेवायलाच हवं. बाथरूममध्ये किंवा गाडीत ठेवू नका, आणि फ्रीझरमध्ये घालणं, नोझल उपटून हवा भरणं असले प्रकार करू नका. रंग हळूहळू गडद होत गेला तर घाबरू नका, व्हॅनिलाचे परफ्यूम गडद होतातच.

तुमच्या भावाच्या शंकेत तथ्य असू शकतं. खमराची नक्कल बाजारात आहे, कारण तो भरपूर खपतो. खोक्यावरचा बॅच नंबर आणि बाटलीच्या बुडावरचा बॅच नंबर जुळतो का बघा. भारतात आयात केलेल्या सौंदर्यप्रसाधनावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि आयात नोंदणी क्रमांक असलेला स्टिकर हवा, कॉस्मेटिक्स रूल्स 2020 नुसार ही नोंदणी बंधनकारक आहे. स्टिकरच नसेल तर माल कुठल्या वाटेने आला हे दुकानदाराला विचारा. पण सगळ्यात चांगली खात्री नाकाने होते: मैत्रिणीची बाटली घेऊन या, तिच्या हातावर दोन्ही बाटल्यांतला एकेक स्प्रे शेजारी शेजारी करा आणि चार तासांनी हुंगा. नकलेत सुरुवात बरीचशी जुळवलेली असते, तळ बहुधा जुळत नाही. चार तासांनी दोन्ही जागा सारख्या लागल्या तर तुमची बाटली ठीक आहे.

आता बहिणीला द्यायचा का. डाव्या हातावरचा चौथ्या तासाचा वास तुम्हाला आवडला तर ठेवा, नाही आवडला तर खुशाल द्या, कारण सुरुवात आवडून तळ न आवडणाऱ्या परफ्यूमशी कुणाचं जमत नाही. खजूर आवडतोय पण गोड जास्त होतंय असं वाटलं, तर याच मालिकेतला 2023 चा ‘खमरा कहवा’ बघा. त्यात वेलची आणि आलं आहे, तळाशी कॉफी आहे आणि कॉफीच्या कडूपणाने साखर बरीच कापली जाते. जळकट झाक तिथे भाजलेल्या कॉफीत मिसळून जाते, त्यामुळे कोरड्या त्वचेवर मला तो मूळ खमरापेक्षा जास्त जमलेला वाटतो. मात्र पूर्ण बाटली लगेच घेऊ नका. पाच मिलीचं डीकँट, म्हणजे मोठ्या बाटलीतून छोट्या कुपीत काढून दिलेला परफ्यूम, खात्रीच्या माणसाकडून मागवा, याच पद्धतीने दोन हातांवर लावून बघा, आणि त्या दिवशी घरात ताजी कॉफी दळू नका.